अमेरिकेची प्रायमरी, नौपाड्यातला वर्ग: पाच रविवारांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राज्यशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक अभ्यासवर्ग घेतात. विषय अमेरिकेतल्या प्राथमिक निवडणुकांचा, म्हणजे प्रायमरीचा, आणि तिथे बायका-पुरुष, तरुण-म्हातारे कसं मत देतात याचा. चार रविवार, फी ८०० रुपये, त्यात झेरॉक्स टिपणं आणि मध्ये एकदा चहा. माझ्या शाळेतल्या तिघींनी विचारलं, जावं का? म्हणून सविस्तर लिहिते. जावं. पण आयोजकांनी काही गोष्टी बदलायलाच हव्यात, त्याही लिहिते.

मी शिक्षिका आहे, राहायला ऐरोलीला. २००९ पासून इलेक्शन ड्युटी करते आहे, बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मतदार खोलीत आला की पहिलं टेबल आमचं. ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे पोलिंग एजंटांना ऐकू जातं. मग लाल पेनने खूण करायची. पुरुष असेल तर नोंदीवर तिरकी रेघ. बाई असेल तर रेघ आणि शिवाय अनुक्रमांकाभोवती गोल. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष विचारतात, "मॅडम, बायका किती झाल्या?" मी पानं उलटत गोल मोजते. नऊला, अकराला, एकला, तीनला, पाचला. इतकी वर्षं गोल मोजल्यावर मला वाटायचं, बायकांचं मतदान मला हाताच्या रेषेसारखं माहीत आहे. सकाळी नऊपर्यंत कमी, डबे-स्वयंपाक आटोपले की अकरानंतर रांग लागते, दुपारी एकीमागून एक येतात.

या वर्गात माझ्या लक्षात आलं की त्याच पानावर, नावाखाली, वयही छापलेलं असतं आणि ते मी फक्त माणूस ओळखण्यापुरतं वाचत आले. आमच्या दोन तासांच्या तक्त्यात वयाचा रकानाच नाही.

पहिला रविवार प्रायमरी म्हणजे काय यात गेला. सरांनी सुरुवात आपल्याकडूनच केली. आपल्याकडे तिकीट मिळतं. कोणाला मिळालं, कोणाचं कापलं, हे आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो. अमेरिकेत पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे त्या पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात. काही राज्यांत फक्त पक्षाकडे नाव नोंदवलेले, काही राज्यांत कोणीही. आपल्याकडे काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेआधी मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला होता, त्यात आपले लातूर आणि वर्धा होते, पण तिथे मत होतं ते पक्षातल्या लोकांना, सगळ्या मतदारांना नव्हे. हे मी साफ विसरले होते.

तिकडेही हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात बाहेर रस्त्यावर तरुण पोरांवर लाठ्या पडत होत्या आणि आत पक्षाचे जुनेजाणते उमेदवार ठरवत होते. त्यानंतर पक्षाने समिती नेमली आणि १९७२ पासून नियम बदलले: अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींत बायका आणि तरुण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने असले पाहिजेत. म्हणजे बाई-पुरुष आणि वय हे दोन्ही मुद्दे आजच्या प्रायमरीच्या मुळातच आहेत. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९७१ मध्ये, आपल्याकडे १९८९ मध्ये. आणि त्याच १९७२ च्या प्रायमरीत शर्ली चिशम नावाची कृष्णवर्णीय बाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली. बायकांच्या चळवळीतल्यासुद्धा सगळ्या जणी तिच्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. हे ऐकून मी वहीत दोन रेघा ओढल्या.

दुसरा रविवार हा या वर्गाचा प्राण. फक्त त्यासाठीही ८०० रुपये द्यावेत.

झालं असं. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "सर, बाई उभी राहिली की बायका तिलाच मत देणार. यात अभ्यास कसला?" सर काही बोलले नाहीत. खडू घेतला आणि फळ्यावर एका राज्याचं नाव लिहिलं: आयोवा, ३ जानेवारी २००८. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा दोघेही उभे होते. बायकांची मतं: ओबामा ३५, क्लिंटन ३०. काका म्हणाले, "असं कसं?" सरांनी त्याखाली दुसरं राज्य लिहिलं: न्यू हॅम्पशायर, ८ जानेवारी २००८. बायकांची मतं: क्लिंटन ४६, ओबामा ३४. दोन्ही आकडे टक्क्यांत. पाच दिवसांचं अंतर. देश तोच, उमेदवार तेच. "आता सांगा, बायका कोणाच्या?"

खोलीत कोणी बोललं नाही. मग त्यांनी फळ्याच्या उजव्या बाजूला आयोवाचेच आकडे परत मांडले, पण वयाने. तिशीच्या आतले: ओबामा ५७, क्लिंटन ११. पासष्टीच्या पुढचे: क्लिंटन ४५, ओबामा १८. डाव्या बाजूला बायकांमध्ये पाच टक्क्यांचा फरक आणि उजव्या बाजूला ही दरी. त्याखाली २०१६ चं आयोवा, क्लिंटनसमोर त्याच पक्षातले बर्नी सँडर्स. तिशीच्या आतले: सँडर्स ८४, क्लिंटन १४. पासष्टीच्या पुढचे: क्लिंटन ६९, सँडर्स २६. सँडर्स तेव्हा ७४ वर्षांचे होते, म्हणजे तरुणांनी तरुणाला मत दिलं असंही नाही. आणि शेवटी २०१६ चं न्यू हॅम्पशायर, जिथे आठ वर्षांपूर्वी बायकांनी क्लिंटनना तारलं होतं: बायकांची मतं सँडर्स ५५, क्लिंटन ४४.

मी फळ्याचा फोटो काढला, अजून फोनमध्ये आहे. वयाच्या गटापुढे सरांनी "१७ ते २९" लिहिलं होतं. सतरा का, असं माझ्या लेकीने विचारलं (ती एकोणीस वर्षांची, तिला मी बळेच नेलं होतं). तर काही राज्यांत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षी प्रायमरीत मत देता येतं. जिला नोव्हेंबरमध्ये मत द्यायचं आहे, तिला उमेदवार निवडतानाही बोलू द्यावं, हा त्यामागचा विचार. लेक तिथून पुढे ताठ बसली.

सरांनी एक सावधगिरीही सांगितली आणि ती मला फार पटली. हे आकडे मतपेटीतून निघत नाहीत. मतपत्रिकेवर बाई-पुरुष लिहिलेलं नसतं. मतदाराला दारातच एक छापील प्रश्नावली देतात, न्यू हॅम्पशायरला बाहेर पडताना, आयोवाला आत शिरताना. ती भरायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. म्हणून एका टक्क्यावरून भांडू नये. ५७ आणि ११ असं दिसलं तर मात्र विचार करावा.

परतताना ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक होता. विटाव्याच्या पुलाखालून बस सरकत सरकत ऐरोलीकडे येईपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. २०२४ च्या विधानसभेनंतर आपल्याकडे जो तो म्हणत होता, लाडक्या बहिणींनी मत दिलं. सगळ्या बायका एका शब्दात बांधून टाकल्या. त्या योजनेला वयाची अट आहे, २१ ते ६५. माझ्या घरात तीन बायका. सासूबाई ७८ च्या, लेक १९ ची. वयात बसणारी मी एकटी आणि सरकारी पगारामुळे मीही नाही. तिघी एकाच केंद्रावर जातो, आमच्यासारखीच कोणीतरी शिक्षिका तिघींच्या क्रमांकाला एकसारखा गोल करते. आमची तिघींची मतं सारखी असतात असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खरं तर सारखी नसतात हे मला पक्कं माहीत आहे, कारण जेवताना वाद होतात.

१९६२ च्या लोकसभेला देशात पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४७ च्या आत. २०१९ ला बायका ६७.१८ आणि पुरुष ६७.०१. ही फार मोठी गोष्ट आहे, मी ती रांगेत डोळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी तर सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आग्रह धरला की बाईचं स्वतःचं नाव लागेल. तिथून इथवर आलो. पण बायका किती आल्या याच्या पुढचा प्रश्न, कुठल्या वयाच्या बायका आल्या, तो आपण अजून विचारत नाही, ही माझी तळमळ आहे.

तिसऱ्या रविवारी सरांनी कॉकस समजावला, म्हणजे काही राज्यांत प्रायमरीऐवजी होणारी पक्षाची सभा. आयोवात २०२० पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस असा व्हायचा: मतपेटी नाही. थंडीत संध्याकाळी सात वाजता शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये जमायचं आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक उमेदवारानुसार खोलीच्या कोपऱ्यांत उभे राहायचे, सगळ्यांसमोर. ज्या कोपऱ्यात १५ टक्क्यांपेक्षा कमी लोक, तो कोपरा मोडायचा आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. रात्रपाळीवाला येऊ शकायचा नाही, तान्ह्या बाळाची आई येऊ शकायची नाही, बर्फातून चालू न शकणारी आजी येऊ शकायची नाही.

मग म्हणाले, आपण करून बघू. पाचवा जादा वर्ग कुठल्या विषयावर घ्यायचा? चार कोपरे, चार विषय: संविधान सभा, महापालिकेची निवडणूक, महिला आरक्षण, नवमतदार. आम्ही २८ जण होतो, त्यात आठ बायका.

संविधान सभेच्या कोपऱ्यात १४ जण गेले, महापालिकेकडे नऊ. महिला आरक्षणाच्या कोपऱ्यात मी आणि दोघी. नवमतदारच्या कोपऱ्यात माझी लेक आणि एक कॉलेजचा मुलगा. यात मी जे पाहिलं ते सांगते. साठीच्या पुढच्या एक काकू, नीट नेसलेली सुती साडी, हातात कापडी पिशवी, आमच्या कोपऱ्याकडे चार पावलं आल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. तेवढ्यात संविधान सभेच्या कोपऱ्यातून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, इकडे." रागाने नाही, सहज, जसं लग्नाच्या हॉलमध्ये जागा धरली की बोलावतात तसं. काकू तशाच वळल्या आणि तिकडे जाऊन उभ्या राहिल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

२८ च्या १५ टक्क्यांसाठी पाच माणसं लागत होती, आमच्याकडे तीन. लेकीने आमच्याकडे यायची तयारी दाखवली, पण तो मुलगा महापालिकेत गेला, मग आम्ही चारच. कोपरा मोडला. दोन्ही बाजूंनी काका मंडळी समजवायला आली, प्रेमाने, पण एका वेळी तिघे बोलत होते. शेवट संविधान सभा १६, महापालिका १२.

चौथ्या रविवारी सरांनी त्याच चार विषयांवर चिठ्ठ्या टाकायला लावल्या. खोके, घडी घातलेली चिठ्ठी, बाजूला वहीचा पुठ्ठा आडोशाला. २७ चिठ्ठ्या. महिला आरक्षण १०, संविधान सभा ९, महापालिका ६, नवमतदार २.

इथे आयोजकांबद्दलची माझी तक्रार आणि हा निकाल एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून दोन्ही एकत्र सांगते. पहिले तीन वर्ग सकाळी साडेदहा ते एक होते. रविवारची ही वेळ ज्या घरात जेवण बाईच्या हाताला आहे तिथे बाईला बाहेर पडू देत नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने मोजलं: ३१ जणांत नऊ बायका, त्यातल्या बहुतेक माझ्यापेक्षा मोठ्या, ज्यांच्या घरी आता सून आहे. तिशी-चाळिशीची एकही नव्हती. तिसऱ्या वर्गानंतर मी उठून बोलले. म्हटलं, सर, तुम्ही सात वाजताच्या कॉकसला कोण येऊ शकत नाही ते शिकवलंत, मग साडेदहाच्या वर्गाला कोण येऊ शकत नाही तेही बघा. सरांनी तिथल्या तिथे वेळ बदलून दुपारी चार केली. चौथ्या रविवारी बायका बारा झाल्या.

त्यामुळे चिठ्ठ्यांचा निकाल गुप्त मतदानाने बदलला की वेळ बदलल्याने, हे कोणी सांगू शकत नाही. सरांनीही ते सांगितलं: पद्धत बदलली, वेळ बदलली, माणसंही बदलली, तीनही गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय एकीला देऊ नये. मला हे उत्तर अपुरं न वाटता उलट विश्वासाचं वाटलं. काकूंची चिठ्ठी कुठली होती ते मला माहीत नाही आणि कळूही नये.

चौथ्या वर्गाचा उरलेला भाग त्या मानाने धावता झाला. २०२० च्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक पक्षातून सहा बायका उभ्या होत्या आणि एलिझाबेथ वॉरन स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या, यावर सरांनी दहा मिनिटंही दिली नाहीत. रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी जिंकणारी पहिली बाई, निकी हेली, २०२४, याचा तर नुसता उल्लेख. मला तिथे जास्त हवं होतं. सर डेमोक्रॅटिक पक्षावर रमतात, दुसऱ्या पक्षातल्या बायका कसं मत देतात हे आम्हाला जवळजवळ कळलंच नाही. वर्गाची ही खरी उणीव आहे.

बाकीच्या तक्रारी साध्या आहेत, सुधारता येण्यासारख्या. इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले चढून एक आजोबा दुसऱ्या रविवारनंतर आलेच नाहीत. माइक नाही, पंख्यांच्या आवाजात मागच्या दोन रांगांना अर्धं ऐकू येतं. झेरॉक्स टिपणं झेरॉक्सची झेरॉक्स आहेत आणि त्यातला आयोवाचा तक्ता वाचताच येत नाही, म्हणून फळ्याचा फोटो काढाच. चहा चांगला असतो. लवकर पोचलात तर तलावपाळीला एक चक्कर मारून या, दुपारी चारच्या वर्गाआधी तेवढा वेळ मिळतो.

पाचवा वर्ग अर्थात महिला आरक्षणावर झाला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत आलेलं एक तृतीयांश, महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेलं निम्मं, आणि २०२३ चा लोकसभा-विधानसभेचा कायदा, जो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधला आहे. माझी लेक त्या दिवशी पहिल्या रांगेत होती आणि तिने विचारलं, आरक्षणात वय का नाही? सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी म्हणाले, १९७२ च्या अमेरिकन नियमात होतं बघ.

सासूबाईंना दोन मजले चढवत नाहीत, म्हणून मी सरांना ऐरोलीत तळमजल्यावर वर्ग घ्याल का असं विचारलं. आमच्या सोसायटीचा हॉल मिळतो आहे, दुपारी चारची वेळ, माइक मी आणते. सर म्हणाले, पंधरा नावं द्या, येतो. अकरा झाली आहेत. त्यात साठीच्या पुढच्या सहा, माझ्या वयाच्या चार, आणि लेक. पंचवीस ते चाळीस वयाची एकही नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, दिघा कुठलीही चालेल, लहान मूल असेल तर घेऊन या, हॉलला लागून खोली आहे, तिथे सतरंजी टाकून ठेवते. उरलेली चारही नावं मला त्याच वयाची हवी आहेत.